गेमिंग लॅपटॉप घेताना प्रोसेसर कोणता पाहावा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर कधी बदलावा?

प्रश्न असा आहे: दोन लॅपटॉप समोर आहेत. एकात इंटेलचा कोअर आय७-१३६५०एचएक्स आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५०. दुसऱ्यात एएमडीचा रायझन ७ ७७३५एचएस आणि आरटीएक्स ४०६०. मित्र म्हणतात इंटेलच घे, एएमडीला ड्रायव्हरचा त्रास असतो. शिवाय लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर) वर्षभर जुना दिसतो. तो टाकायचा की एनव्हिडियाचा, आणि नवा आला की दर वेळी टाकायचा का?

निकाल आधी सांगतो. ४०६० वाला घ्या, मात्र त्या ४०६० ला किती वॅट मिळतात ते बघून. ड्रायव्हर एनव्हिडियाचाच टाका, पण आला की टाकला असं करू नका. आता कारणं.

लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड नुसत्या नावावरून कळत नाही. 'आरटीएक्स ४०६० लॅपटॉप' हे एकच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या कुठल्याही रूपाला लागू शकतं, आणि डायनॅमिक बूस्ट (प्रोसेसरचे वॅट कार्डाकडे वळवणारी सोय) धरला तर वर आणखी २५ वॅटपर्यंत. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ४५ वॅटचं ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ११५ वॅटचं ४०६० यांच्या खोक्यावर मजकूर सारखाच. पहिलं अनेकदा पूर्ण वॅटच्या ४०५० च्या पंगतीला जाऊन बसतं. उलट १४० चा आकडा दिसला म्हणून हुरळूनही जाऊ नका. शंभराच्या आसपास पोचल्यावर ४०६० ची चिप त्यापुढे फारसं ओढतच नाही. ८० ते ११५ वॅट असतील तर डोळे झाकून घ्या.

हा आकडा कंपनीच्या तांत्रिक माहितीच्या पानावर बारीक अक्षरात असतो, कधी नसतोच. त्याच मॉडेलचा चालू लॅपटॉप हाताशी आला तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या 'हेल्प' मेनूतून 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा. तिथे 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' अशी ओळ असते. जाहिरातीपेक्षा त्या ओळीवर विश्वास ठेवा.

४०५० बद्दल माझी खरी तक्रार वेगाची नाही, मेमरीची आहे. त्यावर ६ जीबी, ४०६० वर ८ जीबी. आठ जीबीसुद्धा आता ऐसपैस राहिलेली नाही, पण सहामध्ये नव्या गेमचं टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचं चित्र) 'हाय'वर ठेवलं की एक विशिष्ट लक्षण दिसतं: फ्रेमची सरासरी चांगली दिसते आणि कॅमेरा झपकन वळवला की चित्र अडखळतं. कार्डावरची मेमरी भरली की उरलेला डेटा पीसीआयईच्या वाटेने मुख्य रॅममधून आणावा लागतो, आणि ती वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या मानाने फारच अरुंद आहे. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की अडखळणं थांबतं. लोक मात्र नेमके इथेच ड्रायव्हर उलटेपालटे करत बसतात.

प्रोसेसरकडे येऊ. १३६५०एचएक्स हा ७७३५एचएस पेक्षा ताकदवान आहे, यात वाद नाही. त्यात सहा परफॉर्मन्स (वेगवान) आणि आठ एफिशियन्सी (वीज वाचवणारे) कोअर, २४ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधली झटपट मेमरी. समोर आठ कोअर आणि १६ एमबी. तरीही मी दुसरा घ्या म्हणतो, कारण फ्रेम एकट्या प्रोसेसरवर बनत नाही. प्रोसेसर ठरवतो की पुढच्या फ्रेममध्ये कोण कुठे आहे आणि काय काय काढायचं आहे. ती यादी तो ड्रायव्हरमार्फत कार्डाकडे देतो आणि कार्ड ती रंगवतं. दोघांत जो मागे पडतो त्याच्या वेगाने गेम चालतो. ४०५० सारख्या कार्डावर, ग्राफिक्स 'हाय' ठेवून खेळताना, मागे पडतं ते बहुतेक वेळा कार्ड. तिथे एचएक्स प्रोसेसर हातावर हात ठेवून वाट बघतो.

तुमच्या आत्ताच्या मशीनवरही हे तपासता येतं. गेम चालू असताना कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडसर कार्डाचा. वापर ६०-७० वर रेंगाळतोय आणि फ्रेम वाढत नाहीत, तर बहुधा प्रोसेसरचा. खात्री करायची तर रिझोल्यूशन एकदम खाली उतरवा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडवत होतं, आहेत तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का मात्र इथे फसवतो. सोळा थ्रेडपैकी (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामांच्या धाग्यांपैकी) गेमचा मुख्य थ्रेड एकच पूर्ण भरलेला असेल तर एकूण आकडा ३० टक्केही दिसत नाही, आणि माणूस म्हणतो प्रोसेसर तर निवांत आहे.

माझं उत्तर बदलतं ते काही ठिकाणी. १०८०पी वर सेटिंग्ज खाली ठेवून १४४ किंवा १६५ हर्ट्झ गाठायचे असे स्पर्धेचे शूटर गेम हेच तुमचं खेळणं असेल, किंवा शेकडो पात्रांचा हिशोब ठेवणारे स्ट्रॅटेजी आणि सिम्युलेशन गेम, तर प्रोसेसर आधी. रे ट्रेसिंगमध्येही (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याच्या तंत्रात) दृश्याची रचना हलत्या वस्तूंबरोबर सतत ताजी ठेवायची असते, त्याचं ओझं प्रोसेसरवर येतं. आणि डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून दाखवणारं एनव्हिडियाचं तंत्र) लावलं की गेम आतून कमी रिझोल्यूशनवर चालतो, म्हणजे कार्ड हलकं होतं आणि प्रोसेसरची परीक्षा सुरू होते. असं सगळं तुमच्या यादीत असेल तर १३६५०एचएक्स ४०६० सोबत शोधा. पण ४०५० सोबत नको.

प्रोसेसरच्या नावांचा गोंधळ हा वेगळाच विषय, पण त्यात फसगत फार होते म्हणून थोडं सांगतो. रायझनच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप चिपांमध्ये चार आकड्यांपैकी तिसरा आकडा पिढी सांगतो. ७७३५ मध्ये तो ३, म्हणजे आतली रचना झेन ३+, अर्थात २०२२ च्या ६८००एच चंच नवं नाव. ७८४०एचएस मध्ये तो ४, म्हणजे झेन ४. दोन्ही 'रायझन ७' आणि दोन्ही '७०००', पण अंतर एका पिढीचं. थोडे जास्त पैसे टाकून ७८४०एचएस किंवा त्याचाच पुढचा अवतार ८८४५एचएस मिळत असेल तर तो घ्या, अशी माझी सरळ शिफारस. ७४३५एचएस दिसला तर एक गोष्ट लक्षात घ्या: त्यात अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरमधलंच छोटं ग्राफिक्स, नाहीच. साधं ब्राउझर उघडलं तरी मोठं कार्ड जागं राहतं आणि बॅटरी लवकर बसते. कायम प्लगला लावून खेळणाऱ्याला चालेल, कॉलेजला नेणाऱ्याला नाही.

इंटेलकडेही तेच. आय७-१३६२०एच मध्ये सहा परफॉर्मन्स कोअर आहेत, आय५-१३४२०एच मध्ये चारच. 'एचएक्स' म्हणजे डेस्कटॉपच्या जातीची मोठी चिप, पण हा नियम इंटेलपुरता आणि रायझनच्या काही मालिकांपुरता. रायझन एआय ९ एचएक्स ३७० मधला 'एचएक्स' निराळा, ती पातळ लॅपटॉपसाठीची १२ कोअरची चिप आहे. अक्षरांवर जाऊ नका, कोअर किती आणि कुठल्या पिढीचे एवढंच विचारा.

आणि कोअर किती का असेनात, त्यांना वीज आणि थंडावा मिळाला पाहिजे. १३६५०एचएक्स ची बेस पॉवर ५५ वॅट आहे आणि टर्बोमध्ये तो १५७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ७७३५एचएस ची मर्यादा ३५ ते ५४ वॅट. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड एकाच तांब्याच्या नळ्यांवर आणि त्याच दोन पंख्यांवर जगतात, एका ताटात जेवणाऱ्या दोन भावांसारखे. प्रोसेसरने जास्त ओढलं की कार्डाच्या वाट्याला कमी येतं. डायनॅमिक बूस्टचं काम हेच: प्रोसेसर हलका असेल तेव्हा त्याचे काही वॅट कार्डाकडे वळवायचे. म्हणून मध्यम कार्डासोबत फार खादाड प्रोसेसर ही लॅपटॉपमध्ये नुसती उधळपट्टी नाही, कधी कधी तोटाही असतो. गेममध्ये प्रोसेसरचं तापमान ९० च्या वर दिसलं तर लगेच घाबरू नका, या चिपांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. बघायचं ते हे की अर्ध्या तासाने फ्रेम पहिल्या पाच मिनिटांइतक्याच राहतात का.

रॅमचं एका वाक्यात: १६ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका, किंवा ८-८ च्या दोन असलेला लॅपटॉप घ्या. एका पट्टीने मेमरीची वाट अर्धी होते, आणि जिथे प्रोसेसरची परीक्षा असते तिथे फ्रेम हमखास पडतात. प्रोसेसरच्या एका पायरीपेक्षा हा फरक कित्येकदा मोठा असतो.

आता ड्रायव्हर. 'एएमडीला ड्रायव्हरचा त्रास' हे मित्रांचं वाक्य तुमच्या निवडीला लागूच होत नाही. दोन्ही लॅपटॉपमध्ये गेम चालवणारं कार्ड एनव्हिडियाचं, त्यामुळे त्याचा ड्रायव्हरही दोन्हीकडे अगदी तोच. फरक फक्त प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा. तिथेही इंटेलची बाजू वरचढ आहे असं नाही. इंटेलने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ११ व्या ते १४ व्या पिढीचे अंगभूत ग्राफिक्स जुन्यांच्या रांगेत टाकले, म्हणजे त्यांना आता तिमाही आणि मुख्यतः सुरक्षेपुरते अपडेट. १३६५०एचएक्स त्यातच आला. एएमडीनेही २०२५ च्या शेवटी आरडीएनए १ आणि २ या आपल्या जुन्या ग्राफिक्स पिढ्यांना वेगळ्या, स्थिर शाखेत हलवलं, आणि ७७३५एचएस मधले ग्राफिक्स आरडीएनए २ चेच. दोघेही सारखेच, आणि गेमसाठी हे दुय्यमच.

दुय्यम म्हटलं तरी हा छोटा ड्रायव्हर विसरायचा नाही. हायब्रिड मोडमध्ये फ्रेम बनवतं एनव्हिडिया, पण लॅपटॉपचा पडदा जोडलेला असतो अंगभूत ग्राफिक्सला, म्हणजे तयार फ्रेम तिकडून पडद्यावर जाते. ब्राइटनेस हलत नाही, झोपेतून उठल्यावर पडदा काळा, रिफ्रेश रेट आपोआप ६० वर येतो, असल्या तक्रारींत दोष कित्येकदा तिथला असतो आणि लोक एनव्हिडियाला शिव्या देतात. एएमडीच्या लॅपटॉपवर आणखी एक ओळखीचा प्रकार: विंडोज अपडेट गुपचूप जुना ड्रायव्हर वर टाकतं, आणि मग अ‍ॅड्रेनलिन हे एएमडीचं ग्राफिक्स सॉफ्टवेअर उघडताना आवृत्ती जुळत नाही असा संदेश येतो. उपाय सोपा, एएमडीचा ड्रायव्हर पुन्हा टाकायचा. मक्स स्विच असलेला लॅपटॉप घ्या म्हणजे खेळताना पडदा थेट एनव्हिडियाला जोडता येतो. फ्रेम थोड्या वाढतात आणि हा मधला टप्पाच जातो.

कंपनीचा ड्रायव्हर की एनव्हिडियाचा? कार्डासाठी एनव्हिडियाचा. कंपनीच्या साइटवरचा जुना असतो कारण त्यांनी तो एकदा तपासून ठेवलेला असतो, पुढे कोणी बघत नाही. मात्र चिपसेट, ऑडिओ, टचपॅड, बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि फॅन-मोड बदलणारं कंपनीचं सॉफ्टवेअर हे सगळं कंपनीचंच. नवी विंडोज टाकणारे इथे घसरतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, गेम चालला, झालं असं वाटतं, पण कार्ड आधीपेक्षा कमी वॅट घेतं. डिव्हाइस मॅनेजर उघडून 'एनव्हिडिया प्लॅटफॉर्म कंट्रोलर्स अँड फ्रेमवर्क' ही नोंद शोधा. ती नसेल, किंवा तिच्यावर पिवळं चिन्ह असेल, तर डायनॅमिक बूस्ट बंद आहे. कंपनीचं पॉवर सॉफ्टवेअरही टाकलेलं नसेल तर लॅपटॉप 'परफॉर्मन्स' मोडमध्ये जातच नाही. कार्ड बिघडलं म्हणून दुरुस्तीला आलेले असे लॅपटॉप कमी नसतात.

कधी बदलायचा? तुम्ही खेळता तो नवा गेम आला आणि त्याच्यासाठीचा ड्रायव्हर निघाला, तेव्हा. तुमची नेमकी अडचण रिलीज नोट्समध्ये 'फिक्स्ड' खाली दिसली, तेव्हा. एनव्हिडियाने सुरक्षेची सूचना काढली, तेव्हा. या सूचना वर्षातून काही वेळा येतात, त्यामुळे वर्षानुवर्षं हातच लावायचा नाही हेही चूक. एरवी चालतंय ते चालू द्या. नवा ड्रायव्हर आल्यावर आठवडाभर थांबून 'नोन इश्यूज' वाचा. याला कारण आहे. २०२५ च्या जानेवारीत आरटीएक्स ५० मालिका आली आणि तिच्यासोबतच्या ५७२ क्रमांकाच्या ड्रायव्हरांनी काळा पडदा आणि क्रॅशच्या तक्रारींचा पाऊस पाडला, त्यात जुन्या कार्डांचे मालकही होते. एकामागून एक हॉटफिक्स (तातडीच्या दुरुस्त्या) निघाले, आणि एप्रिलमध्ये ५७६.०२ आला तो दुरुस्त्यांची लांबलचक यादी घेऊनच. मधल्या काळात शहाण्यांनी डिसेंबर २०२४ चा ५६६.३६ धरून ठेवला होता. म्हणून चांगला चाललेला ड्रायव्हर सापडला की त्याची फाइल जपून ठेवा.

सध्या कुठला आहे हे बघताना डिव्हाइस मॅनेजर ३२.०.१५.६६३६ असं काहीतरी दाखवतो. गोंधळू नका, शेवटचे पाच आकडे घ्या: ५६६३६, म्हणजे ५६६.३६.

'गेम रेडी' आणि 'स्टुडिओ' या एनव्हिडियाच्या दोन प्रकारच्या ड्रायव्हरांत गेम चालण्याच्या बाबतीत फार फरक नाही. स्टुडिओ कमी वेळा येतो, त्यामुळे सारखं अपडेट नको असलेल्याला तो बरा पडतो. ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्या खेळात फ्रेम अडखळल्या तर लगेच परत फिरू नका. जुना शेडर कॅश (कार्डासाठी आधीच तयार करून ठेवलेल्या चित्र-सूचनांचा साठा) बाद झालेला असतो, गेम तो पुन्हा बनवतो, आणि हे काम प्रोसेसरचं. अनेक कोअरचा पैसा वसूल होणाऱ्या मोजक्या जागांपैकी ही एक. दुसऱ्या दिवशीही अडखळत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा. तेही फसलं तरच डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर: आधी इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं, मग सेफ मोडमध्ये जाऊन साफ करा आणि जपून ठेवलेली फाइल टाका. दर अपडेटला हा सोपस्कार करायची गरज नाही. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी सॉफ्टवेअर तर लॅपटॉपवर येऊच देऊ नका.

ग्राफिक्सचा दिसणारा प्रत्येक दोष ग्राफिक्सचा नसतो, याचं मोठं उदाहरण २०२४ मधलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनरिअल इंजिनचे गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश देऊन बंद पडायचे. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. प्रत्यक्षात शेडर उलगडताना प्रोसेसरच चुकत होता, आणि एनव्हिडियानेच लोकांना इंटेलकडे जायला सांगितलं. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या, त्या बायोसमधून येतात. लॅपटॉपच्या चिपांना हा दोष लागू नाही असं इंटेलने सांगितलं आहे, त्यामुळे १३६५०एचएक्स ला या कारणाने नाकारू नका. बायोस मात्र अद्ययावत ठेवा, चार्जर लावून.

जुना लॅपटॉप घ्यायचा विचार कधी आला तर कार्डाची पिढी आधी बघा, कारण लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही. जीटीएक्स १०५०, १०६०, १०७० या पास्कल पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त तिमाही सुरक्षा-दुरुस्त्या. जीटीएक्स १६५० ही पुढच्या ट्यूरिंग पिढीची, तिला अजून पूर्ण आधार आहे.

नवा लॅपटॉप घरी आला की परत करायच्या मुदतीतच हे करा: मूळ चार्जर लावा, यूएसबी-सीचा नाही. परफॉर्मन्स मोड निवडा आणि तुमचा सगळ्यात जड गेम तासभर चालवा. कोपऱ्यात कार्डाचे वॅट, घड्याळ-वेग आणि तापमान दाखवणारा ओव्हरले ठेवा, एनव्हिडिया अ‍ॅपमध्ये तो आहेच. वॅट 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर'च्या आसपासही पोचत नसतील, कार्डाचा वापर पूर्ण असूनही, तर आधी कंपनीचं पॉवर सॉफ्टवेअर आणि वर सांगितलेली डिव्हाइस मॅनेजरमधली नोंद तपासा. दोन्ही ठीक असूनही आकडा हलला नाही, तर ड्रायव्हरशी झटापट न करता लॅपटॉप बदलून मागा.